अंदाज आणि साठा

फेब्रुवारी २०२३मध्ये जम्मूतल्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टन लिथियम सापडल्याची बातमी आली. वर्गातल्या एका मुलाने विचारले, "सर, आता आपला देश श्रीमंत झाला ना?" मी फळ्यावर दोन शब्द लिहिले: अंदाज आणि साठा.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा तो आकडा जी-३ टप्प्यातला, म्हणजे प्राथमिक शोधाचा होता. त्यापुढे जी-२ आणि जी-१ असतात. खडकात धातू किती, तो वेगळा काढता येईल का, खर्च किती येईल, हे तपासल्यावरच खाणीचे मोल ठरते. अनेक बातम्यांनी हे ठळकपणे सांगितले नाही. पुढे लिलावात पुरेसे बोलीदार आले नाहीत आणि २०२४मध्ये तो रद्द झाला.

म्हणून मला खनिजसाठ्याचे मूल्यमापन करणारा तज्ज्ञ महत्त्वाचा वाटतो. "अजून सांगता येत नाही" असे म्हणण्याची हिंमत त्याच्यात हवी. चिनाबच्या खोऱ्यातले झरे, शेते, उठवावी लागणारी घरे आणि शेवटी खाण बुजवण्याचा खर्चही त्याच्या हिशोबात हवा. हे वगळले की तोट्याची खाणही फायद्याची दिसते. जमिनीखालचे धन पुढच्या पिढ्यांची अमानत आहे. तिची मोजणी खोटी करणे ही खयानतच.