हमीपासून विद्यावेतनापर्यंत : एका हक्काची उलटी वाटचाल

१/
जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्रात ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना’ सुरू झाली. बेरोजगार तरुणांना सरकारी तिजोरीतून मासिक विद्यावेतन हे शासनाचे नवे औदार्य आहे, असे मानणाऱ्यांनी याच राज्याचा पन्नास वर्षांपूर्वीचा इतिहास चाळून पाहावा. तेथे औदार्याची नव्हे, हक्काची भाषा आहे.

२/
१९७२ चा दुष्काळ. लाखो माणसे खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर होती. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी ‘मागेल त्याला काम’ ही कल्पना दुष्काळापूर्वीच मांडली होती. तासगाव भागात तिचा प्रयोगही झाला होता. दुष्काळाने त्या कल्पनेला राज्यव्यापी रूप दिले.

३/
प्रश्न पैशाचा होता. त्याचे उत्तर १९७५ च्या व्यवसाय कराने दिले. मुंबई-पुण्यातील पगारदाराच्या वेतनातून कपात आणि त्या पैशातून ग्रामीण मजुराला काम, असा तो उघड सामाजिक करार होता. पगारपत्रकावर ही कपात आजही दिसते. तिचे मूळ मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

४/
खरी झेप त्यानंतरची. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमी अधिनियम संमत केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत काम, अन्यथा बेकारी भत्ता. योजना शासनाच्या मर्जीवर चालते. कायदा शासनालाच बांधून घेतो. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने हेच तत्त्व देशभर नेले.

५/
१९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक दार बंद केले. ‘हे दुष्काळी मदतीचे काम आहे, म्हणून मजुरी कमी’ हा युक्तिवाद संजीत रॉय विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात टिकला नाही. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करून घेणे ही संविधानाच्या अनुच्छेद २३ ने निषिद्ध केलेली सक्तीची मजुरी ठरली. गरज असलेला माणूस कमी पैशांत राबायला ‘तयार’ होतो, म्हणून त्याला कमी देता येत नाही.

६/
आता २०२४ चे आकडे पाहावेत. बारावी उत्तीर्णाला महिना ६,००० रुपये, आयटीआय वा पदविकाधारकाला ८,०००, पदवीधराला १०,०००. मुदत सहा महिने. पुढे ती अकरा महिन्यांवर नेण्यात आली. महिन्यात कामाचे २६ दिवस धरले, तर बारावी उत्तीर्णाच्या वाट्याला दिवसाला सुमारे २३१ रुपये येतात. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या अकुशल मजुराचा दर २९७ रुपये होता.

७/
यावर ठरलेला प्रतिवाद असा : हे काम नव्हे, प्रशिक्षण आहे. मग प्रशिक्षणाची कसोटी लावावी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानेही उमेदवाराला कामगार मानले नाही; पण त्याबदल्यात लेखी करार, ठरलेला अभ्यासक्रम आणि अखेरीस परीक्षा यांची चौकट घातली. ज्या कार्यालयात वा शाळेत पदे रिक्त आहेत, तेथे नेमलेला तरुण रिक्त पदाचेच काम करत असेल, तर त्याला ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणणे ही केवळ शब्दांची काटकसर नव्हे, वेतनाची आहे.

८/
खासगी आस्थापनेला तर मनुष्यबळ मिळते, विद्यावेतन शासन भरते आणि मुदतीनंतर नोकरी देण्याचे बंधन नसते. हे अनुदान तरुणाच्या नावावर निघते. त्याचा टिकाऊ लाभ मात्र आस्थापनेच्या पदरात पडतो.

९/
रोजगार हमी निर्दोष नव्हती. रखडलेली मजुरी, खोटी हजेरीपत्रके, केवळ अकुशल कामांची मर्यादा, हे सारे खरे. परंतु तिच्यातील मजूर ‘कायदा मोडला’ असे म्हणू शकत होता. मुदत संपलेला प्रशिक्षणार्थी आंदोलनाला बसतो, तेव्हा त्याच्या हाती फक्त विनंती अर्ज असतो.

१०/
म्हणून विद्यावेतन हजाराने वाढवावे की दोन हजारांनी, हा वाद दुय्यम आहे. निरक्षर मजुराला १९७७ मध्ये जो कायदेशीर हक्क देणे या राज्याला परवडले, तो सुशिक्षित तरुणाला आज का परवडू नये, याचे उत्तर आधी मागितले पाहिजे.