पाखरू दिसलं तर दडवू नका



रब्बीची ज्वारी हुरड्यात आली की आपल्या सोलापूर जिल्ह्यात गोफणी बाहेर निघतात. भोरड्यांचा थवा एकदा कणसावर बसला की पाटी-दोन पाटी दाणा गेलाच म्हणायचा. पाखरू म्हटलं की आपल्याला आधी नुकसान आठवतं, यात तुमची चूक नाही. पण आज मला वेगळ्याच पाखराविषयी बोलायचं आहे, जे दिसूनही आपण सांगत नाही.

मागच्या पौषात उत्तर सोलापूर तालुक्यात ज्वारीचा खडखड्या पाहायला गेलो होतो. पाहणी झाली, चहा झाला. निघताना एका वयस्क शेतकऱ्याने मला बांधाकडे नेलं. "साहेब, वहीत लिहिणार नसाल तर एक सांगतो." दोन दिवस माळावर उंच पायाचं, पांढऱ्या मानेचं, डोक्यावर काळी टोपी असलेलं मोठं पाखरू चरत होतं म्हणे. वर्णन माळढोकाचंच. मी विचारलं, "आण्णा, वनखात्याला का नाही कळवलं?" ते म्हणाले, "कळवलं आन् जमिनीवर शेरा पडला, तर लेकीचं लगीन कशावर करू?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. कारण ही भीती हवेतली नाही. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं ते सोलापूर आणि नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांतलं ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावंच्या गावं, बागायती, वस्त्या सगळंच आलं. खरेदी-विक्री आणि परवानग्या वर्षानुवर्षं अडकल्या. २०१२ मध्ये क्षेत्र कमी होऊन सुमारे १,२०० चौरस किलोमीटरवर आलं, पण तोवर एका पिढीच्या मनात पाखरू म्हणजे कटकट हे पक्कं बसलं होतं.

मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. अभयारण्य शासनाच्या अधिसूचनेने होतं. तुमच्या रानात पक्षी दिसला, तुम्ही तो कळवला, म्हणून सातबाऱ्यावर काही चढत नाही. आणि न कळवल्याने काय होतं तेही पाहा. माळढोक मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. तिथे नांगर फिरला, कुत्री शिरली, की वर्ष गेलं. या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, वजन जास्त, त्यामुळे वाटेत आलेली विजेची तार चुकवता येत नाही. देशात आता दीडशेच्या आसपास उरलेत, बहुतेक राजस्थानात. नान्नजच्या माळावर एके काळी ते कळपाने दिसत. आता एखादा दिसला तरी बातमी होते. तो कुठे उतरतो हे कळलं, तर निदान त्या माळावर चार महिने वर्दळ थांबवता येईल.

हिवाळ्यात बाकीचे पाहुणेही असतात. भोवत्या नावाचा ससाण्यासारखा पक्षी मध्य आशियातून येतो. माळाला लागून खालून उडतो, नाकतोडे आणि उंदीर टिपतो. फवारणीचा खर्च थोडा त्याच्याही नावावर वाचतो म्हणा! रात्री तो झाडावर नाही, गवतात जमिनीवर झोपतो. म्हणून या दिवसांत माळाचं गवत पेटवू नका. उजनीला पाणी हटलं की गाळपेराच्या रानात पट्टकादंब हंस चरायला उतरतात. हिमालय ओलांडून आलेलं हे पाखरू. अग्निपंख तर पाहायला पुण्या-मुंबईची माणसं गाडी करून भिगवणला येतात. आपल्या सोलापूरचे मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी जन्मभर रानातलीच माणसं गाठून पाखरांची नावं गोळा केली, ती काही दुर्बिणीतून मिळाली नव्हती.

तेव्हा वेगळं पाखरू दिसलं तर तारीख, वेळ, शिवार आणि किती होते एवढं लिहून ठेवा. जवळ जाऊ नका, लांबूनच मोबाइलवर फोटो काढा. अंडं दिसलं तर हात न लावता मागे फिरा. भोरड्यांसाठी गोफण, डबा, चकाकणारी फीत चालेल. दाण्याला औषध लावून टाकू नका, त्यात भोरडीबरोबर भोवत्या आणि तुमचं कोंबडंही जातं.

आता तलाठी, ग्रामसेवक आणि आम्हा कृषी सहायकांविषयी. शेतकरी सांगायला आला की आपण पहिला प्रश्न विचारतो, "गट नंबर कितवा?" तिथेच तो गप्प होतो. गट नंबर मागून विचारा. आधी शिवार लिहा, नोंद वनरक्षकाकडे पोचवा आणि पोचवल्याचं त्या माणसाला सांगा. वनखात्यानेही जागा पाहायला येताना त्याला सोबत घ्यावं, त्याच्या बांधावर त्याच्या माघारी फिरू नये.

त्या आण्णांना मी या महिन्यात पुन्हा भेटणार आहे. सातबारा बरोबर घेऊन या म्हणालोय, शेरा नाही हे त्यांच्यासमोर वाचून दाखवतो. मग वही काढायची की नाही ते तेच ठरवतील.