बशीतली पिंपळी, बोटांतली सूज

पानपिंपळी यंत्राने तुटत नाही. पानमळ्यातल्यासारख्या दमट सावलीत वेलीत हात घालायचा, फळ हिरवं पण भरलेलं आहे का ते पाहायचं आणि एकेक खुडून ओटीत टाकायचं. मग ते उन्हात वाळवायचं. अंजनगाव सुर्जीत बारी समाजाच्या घरांनी हे पीक पिढ्यान्‌पिढ्या राखलं. माझी मावशी या मळ्यांमध्ये वर्षानुवर्षं खुडणीला गेली. एका हिवाळ्यात ती चुलीपुढे बसून म्हणाली, "सकायी मूठच वयत नाही व माय. बोटं लाकडावानी होतेत." दहा-अकरा वाजता, ऊन वर आलं की बोटं सैल व्हायची. दोन्ही हातांची, सारखीच.

घरात निदान करायला सगळेच तयार. कुणी म्हणालं वय झालं, कुणी म्हणालं गार पाण्यातलं काम, कुणी म्हणालं चिकनगुनियाचं राहिलेलं दुखणं. हे शेवटचं तर आपल्या वऱ्हाडात २००६ च्या साथीपासून प्रत्येक सुजेला लागू पडतं. मलाही ते पटलं होतं. त्या पटण्यात दोन वर्षं गेली, आणि त्या दोन वर्षांत मावशीच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली. आजचा स्तंभ त्या दोन वर्षांबद्दल आहे, आणि त्याच बोटांनी खुडलेल्या पिंपळीबद्दलही आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. मराठीत आपण सगळ्याच सांधेदुखीला संधिवात म्हणतो. पण साठीनंतर गुडघ्यातली कूर्चा झिजते, ते दुखणं वेगळं. मावशीचं वेगळं. तिच्या शरीराची प्रतिकारशक्ती, जी जंतूंशी लढायला असते, ती तिच्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटली होती. ते अस्तर सुजतं, जाड होतं आणि शेजारचं हाड नि कूर्चा पोखरत जातं. आयुर्वेदात याच्या जवळचं वर्णन आमवात या नावाने माधवनिदानात आहे. सकाळचा आखडलेपणा तासभर किंवा जास्त टिकणं, बोटांच्या आणि मनगटाच्या लहान सांध्यांना दोन्ही बाजूंनी सूज, ती सहा आठवड्यांनीही न उतरणं, ही त्याची ओळख. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून भिगवण गावात घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. त्यात प्रौढांमध्ये या आजाराचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघालं. तेच माप आपल्या गावाला लावलं आणि तीस-पस्तीस हजार प्रौढ धरले, तर दीड-पावणेदोनशे माणसं होतात. त्यात बाया जास्त. हा माझा अंदाजाचा हिशोब आहे, पण बाजाराच्या दिवशी मी लोकांच्या हातांकडे पाहतो तेव्हा तो मला फुगवलेला वाटत नाही.

मावशीला मध्ये एक पुडी मिळाली होती. विकणाऱ्याने "जडीबुटी" म्हणून दिली, आणि चौथ्या दिवशी मावशी भाकरी थापायला बसली. घरात आनंद झाला. मीच मोटारसायकलवर जाऊन पुढच्या महिन्याच्या पुड्या आणल्या. पुढे तिचा चेहरा गोल झाला, साखर वाढली, कातडी कागदासारखी पातळ झाली. पुडी बंद केली की दुप्पट ठणका. डॉक्टरांनी चेहरा पाहूनच विचारलं, "स्टेरॉइड कोण देत होतं?"

तो चौथा दिवस समजून घ्यायचा तर १९४८ सालात जावं लागतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच या डॉक्टरने २१ सप्टेंबरला २९ वर्षांच्या एका बाईला अॅड्रिनल ग्रंथीतल्या एका संप्रेरकाचं इंजेक्शन दिलं. सांधे धरल्यामुळे ती हलूही शकत नव्हती. काही दिवसांतच ती चालत बाजारात गेली. ते कॉर्टिसोन. १९५० मध्ये हेंच, केंडाल आणि राइखश्टाइन यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. आणि पाठोपाठ गोल चेहरे, ठिसूळ हाडं, वाढलेली साखर दिसायला लागली. कॉर्टिसोनने सूज दाबली होती, आजार हटवला नव्हता. डॉक्टरच्या हाती, मोजून, थोड्या काळासाठी स्टेरॉइड आजही फार उपयोगी आहे. पण चौथ्या दिवशी चमत्कार करणारी बिननावाची पुडी दिसली, की मला हेंच आठवतो. हा चमत्कार जगाने एकदा पाहिला आहे, आणि त्याची किंमतही.

त्याच १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये यल्लाप्रगडा सुब्बाराव वारले. आंध्रच्या भीमवरममध्ये जन्मलेला हा माणूस लेडर्ली प्रयोगशाळेत फॉलिक आम्लावर काम करत होता. त्या कामातून फॉलिक आम्लाला अडवणारी औषधं निघाली आणि ती रक्ताच्या कर्करोगासाठी वापरली गेली. १९५१ मध्ये रिचर्ड गुबनर यांनी त्यातलं एक सांधे सुजलेल्या रुग्णांना देऊन पाहिलं आणि फरक दिसला. पण तेव्हा सगळे कॉर्टिसोनच्या मागे होते. ती नोंद तीसेक वर्षं कागदातच पडून राहिली. १९८० च्या दशकात त्याच कुळातल्या मेथोट्रेक्सेटच्या नीट चाचण्या झाल्या आणि १९८८ मध्ये त्याला या आजारासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. आज जगभर उपचाराची सुरुवात याच स्वस्त गोळीने होते. मावशीचीही झाली. इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायलाच हवी: ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते. आपल्याकडे "सकाळ-संध्याकाळ एक" ही सवय हाडात मुरलेली, म्हणून मावशीने वार ठरवला, सोमवार. कॅलेंडरवर ती सोमवारी गोल करते. नातवाला गोलाचा अर्थ माहीत आहे.

तीस वर्षं कागदात पडलेली नोंद आणि तीन वर्षांत रुग्णापर्यंत पोचलेली नोंद, दोन्ही याच आजाराच्या इतिहासात आहेत. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी यांनी रुग्णांच्या सांध्यातलं सुजलेलं अस्तर काचेच्या बशीत जगवलं. त्या पेशी एकमेकींना चिथावणारे अनेक निरोप सोडत होत्या. प्रश्न असा होता, की इतक्या निरोपांपैकी एकच अडवून काय होणार? १९८९ मध्ये त्यांनी दाखवलं, की टीएनएफ नावाचा एक निरोप अडवला की इतरही मंदावतात. गावात भांडण लावणारा एक जण गप्प झाला की बाकीचे घरी जातात, तसं. १९९२ मध्ये पहिल्या वीस रुग्णांना टीएनएफ अडवणारी प्रतिपिंडं दिली गेली. त्यातूनच आजची महागडी इंजेक्शनं आली. तीही निर्धोक नाहीत. शरीरात दबलेला क्षय त्यांनी उठू शकतो, म्हणून आधी क्षयाची तपासणी करतात.

आता आपल्या पिंपळीकडे. पिंपळीचा तिखटपणा पिपेरिन नावाच्या द्रव्याचा, काळ्या मिऱ्यातही तेच असतं. २००९ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी मैनींसारखंच केलं. आमवाताच्या रुग्णांच्या सांध्याच्या अस्तरातल्या पेशी बशीत घेतल्या, त्यांना दाहाच्या निरोपाने चिथावलं आणि वर पिपेरिन टाकलं. दाह वाढवणारी आणि कूर्चा खाणारी द्रव्यं कमी झाली. मग सांधे सुजवलेल्या उंदरांना आठ दिवस तोंडावाटे पिपेरिन दिलं, सूज आणि वेदना उतरली. ही बातमी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा छाती भरून आली होती. सुर्जी-अंजनगावच्या तहाच्या नावाने इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत अडकलेलं आपलं गाव, त्याच्या मळ्यातलं द्रव्य बशीत जाऊन आमवाताशी भिडतंय!

पण मात्रा पाहा. त्या उंदरांना दर किलो वजनामागे २० आणि १०० मिलिग्रॅम अशा मात्रा दिल्या होत्या. सरळ वजनाने हिशोब केला तर पन्नास किलोच्या बाईला लहान मात्रेलाच रोज एक ग्रॅम पिपेरिन लागेल. वाळलेल्या पिंपळीत ते शेकडा चार धरलं तर रोज पंचवीस ग्रॅम पिंपळी. चिमटी-दोन चिमटीच्या काढ्याशी याची तुलनाच नाही. उंदराचं माप माणसाला असं सरळ लागत नाही, खरी मात्रा बरीच कमी निघेल. पण ती किती, ते माणसांवर चाचणी केल्याशिवाय कळत नाही. मेथोट्रेक्सेटच्या मागे माणसांवरचा जो पुरावा उभा आहे तसा पिंपळीच्या मागे नाही. म्हणून पिंपळीच्या डबीवर "संधिवातावर रामबाण" छापणाऱ्याला माझा विरोध आहे. तो डबी आपल्याच गावात भरत असला तरी.

पिंपळीचा आणखी एक गुण आहे, आणि तो जास्त पक्का सिद्ध झालेला आहे. सुंठ, मिरे, पिंपळी हे त्रिकटू इतक्या औषधांत का घालतात, हा प्रश्न १९८० च्या सुमारास जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. के. अटल यांच्या चमूने धरला. उत्तर असं निघालं, की पिपेरिन दुसऱ्या औषधाला आतड्यातून रक्तात जायला मदत करतं आणि यकृतात ते लवकर मोडू देत नाही. या कामातून २००९ मध्ये क्षयावरची एक गोळी बाजारात आली, जिच्यात रिफॅम्पिसिन ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम आणि सोबत १० मिलिग्रॅम पिपेरिन. बंगळूरमध्ये १९९८ साली हळदीतल्या कर्क्युमिनसोबत पिपेरिन दिलं तर रक्तातलं कर्क्युमिन वीस पटीने वाढलेलं दिसलं. हा गुण दुधारी आहे. जे दार हळदीला उघडतं ते इतर औषधांनाही उघडतं. आमवातावरच्या नव्या गोळ्यांपैकी टोफासिटिनिब यकृतात ज्या विकराने मोडतं, नेमका त्यालाच पिपेरिन आवर घालतं. भाजीतल्या मसाल्याने काही बिघडत नाही. अर्काच्या कॅप्सूलने बिघडू शकतं.

मग करायचं काय? चोप्रांनी एक रस्ता दाखवून ठेवला आहे. अश्वगंधा, सालई, सुंठ आणि हळद यांचं एक आयुर्वेदिक मिश्रण त्यांनी आमवाताच्या १८२ रुग्णांवर सोळा आठवडे तपासलं. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी, आणि कुणाला काय मिळालं हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही. हा अहवाल २००० मध्ये प्रसिद्ध झाला. औषध घेणाऱ्यांना बरं वाटलं, पण निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांनाही बऱ्यापैकी वाटलं, आणि दोघांतला फरक बहुतेक मापांवर ठोस ठरला नाही. त्यांनी ते तसंच छापलं. या प्रामाणिकपणाबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर आहे. कारण त्या आकड्यांत आपल्या सगळ्या पुड्यांचं गुपित आहे. हा आजार आपोआप चढतो-उतरतो. ठणका शिगेला असतो तेव्हा माणूस पुडी घेतो आणि उताराचं श्रेय पुडीला जातं. प्रत्येक पुडीला गावात साक्षीदार मिळतो तो असा, आणि साक्षीदार खोटं बोलत नसतो.

सालई आपल्या मेळघाटात उभी आहे. पिंपळी आपल्या मळ्यात आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे, अमरावतीत आयुर्वेदाचं आणि आधुनिक वैद्यकाचं शिक्षण देणारी महाविद्यालयं आहेत, अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. एका एसटी प्रवासाच्या अंतरात हे सगळं आहे आणि एकमेकांना ओळखत नाही. माझी मागणी मोठ्या इमारतीची नाही. कोणत्या मळ्याच्या, कोणत्या तोडणीच्या पिंपळीत पिपेरिन किती, हे दरवर्षी मोजून शेतकऱ्याला लेखी सांगा. आज तो वजनावर विकतो. मोजलेल्या पिपेरिनवर भाव मागता आला तर मळे मोडायचे थांबतील. तोच मोजलेला माल घेऊन, मेथोट्रेक्सेट चालूच ठेवून, निम्म्यांना पिंपळी आणि निम्म्यांना निष्क्रिय गोळी देणारी चाचणी वऱ्हाडात करा. यकृताच्या तपासण्या जोडीने करा. उत्तर "नाही" आलं तरी ते छापा.

आणि तोवर, ज्या घरात सकाळी मूठ वळत नाही त्या घराने सहा आठवड्यांपलीकडे थांबू नये. मावशीची ती दोन बोटं मेथोट्रेक्सेटनेही सरळ झाली नाहीत, होणारही नाहीत. उरलेली आठ वाचली. पुन्हा खुडणीला ती जात नाही, पण वाळवणातली पिंपळी निवडायला बसते.

मागच्या महिन्यात तिला तपासणीला घेऊन गेलो. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. रक्ताचे अहवाल पाहून झाले, गोळी तीच राहू द्या म्हणाल्या, आणि मग त्यांनी विचारलं, "मावशी, घरचं काही घेता का? काढा वगैरे?" मावशी आधी माझ्याकडे पाहत राहिली. इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं.

"घेतो ना माय. पिंपयी. आमच्या मयातलीच."

"किती?"

मावशीने वाकड्या दोन बोटांची चिमूट करून दाखवली. "हिवाळ्यात, रोज येवढी."

डॉक्टरीणबाईंनी केसपेपर पुढे ओढला आणि गोळ्यांच्या नावांखाली लिहिलं: पिंपळी, चिमूटभर, हिवाळ्यात, रोज.