मोठ्यांचं हरणं

लहान संघाने मोठ्याला लोळवलं की पुढची सगळी गोष्ट लहानाचीच होते. मोठ्याच्या पाठीराख्यांकडे कोणी वळून बघत नाही, आणि बघितलंच तर हसायला. १७ मार्च २०२२ च्या रात्री आमच्या जर्सी सिटीतल्या सेंट पीटर्स युनिव्हर्सिटीने केंटकीला बास्केटबॉलमध्ये ८५-७९ असं हरवलं तेव्हाही तसंच झालं. छोटंसं जेझुइट विद्यापीठ, मोर हे त्यांचं बोधचिन्ह, डग एडर्टची ती मिशी, पुढे मरे स्टेट आणि पर्ड्यू यांनाही घरी पाठवून पंधराव्या मानांकनाच्या संघाने पहिल्यांदाच गाठलेले शेवटचे आठ, हे सगळं अमेरिकाभर सांगून झालं. आमचं वाणसामान आणि डोसे ज्या भागात मिळतात तिथून केनेडी बुलेव्हार्डने थोडं पुढे गेलं की हे कॉलेज लागतं. त्याच्या फाटकातून कधी आत न गेलेले आम्ही देशी लोकही त्या दोन आठवड्यांत मोराचे सख्खे नातेवाईक झालो होतो.

ती गोष्ट मला आवडतेच. पण हरलेल्यांची गोष्ट मी शेजारच्या खुर्चीवर बसून पाहिली, आणि तिच्याबद्दल कोणी फारसं लिहिलेलं नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. मार्च महिन्यातली ही कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा म्हणजे ६८ संघ आणि थेट बाद फेरी. एक सामना हरलात की मोसम संपला. चार विभाग, प्रत्येकात १ ते १६ मानांकनं. दोन नंबरची पहिली गाठ पंधरा नंबरशी पडते, म्हणजे कागदावर तरी दोन नंबरने डोळे मिटून जिंकावं. केंटकी दोन नंबर होतं. त्याच्या आदल्या मोसमात ९ विजय आणि १६ पराभव असा लाजिरवाणा हिशेब झाल्यामुळे या वर्षी सगळं भरून निघणार, अशी आशा होती.

केंटकी राज्याची वस्ती सुमारे ४५ लाख. तिथे एनबीएचा संघ नाही, एनएफएलचा नाही, बेसबॉलच्या मोठ्या लीगमधलाही नाही. जे काही आहे ते लेक्सिंग्टनच्या विद्यापीठाचा निळा संघ. (लुईव्हिलवाले इथे हरकत घेतील, घेऊ देत.) आठ राष्ट्रीय अजिंक्यपदं, पहिलं १९४८ चं आणि आठवं २०१२ चं. वीस हजारांवर माणसं बसतील असं रप अरीना. चाहत्यांनी स्वतःला नाव घेतलंय ‘बिग ब्लू नेशन’, आणि त्यातलं ‘नेशन’ ते गमतीने म्हणत नाहीत.

आमच्या ऑफिसच्या टीममधला एक जण त्या राज्याच्या पूर्वेकडच्या डोंगराळ कोळसापट्ट्यातला. त्याची आई अजून तिथेच असते. सामना बघायची तिची पद्धत तिकडच्या जुन्या लोकांची असते तीच: टीव्ही लावायचा, त्याचा आवाज पूर्ण बंद करायचा आणि शेजारी रेडिओ. टीव्हीवर बोलणारे बाहेरचे, त्यांना आपल्या पोरांचं काय कळतंय! केवुड लेडफर्ड नावाचे समालोचक १९९२ पर्यंत जवळजवळ चाळीस वर्षं केंटकीच्या रेडिओवर होते, ते स्वतः हार्लन परगण्यातले, डोंगरातलेच. ते निवृत्त झाले, पुढे वारले, पण आईचा रेडिओ सुरूच राहिला. हल्ली टीव्हीचं चित्र रेडिओच्या मागे पडतं, त्यामुळे चेंडू जाळीत जाणार की नाही हे तिला चित्राच्या आधी कळलेलं असतं.

तर सेंट पीटर्सच्या त्या रात्री सेंट पॅट्रिक्स डे होता. आम्ही सामना बघायला बसलो होतो तो बार हिरव्या टोप्यांनी गच्च भरलेला. त्यातल्या निम्म्यांना सेंट पीटर्सला संघ आहे हेच त्या संध्याकाळी कळलं होतं. शिवाय न्यू जर्सीत राज्यातल्याच कॉलेज संघावर कायदेशीर सट्टा लावता येत नाही. सट्टेबाजी देशभर मोकळी करणारा खटला सुप्रीम कोर्टात २०१८ साली याच राज्याने जिंकला, पण आपली कॉलेजं त्यातून वगळलेलीच ठेवली. त्यामुळे त्या गर्दीचा आनंद बिनपैशाचा होता. आमच्यातला एक डोंबिवलीकर तर ‘मी इथे भाडं भरतो’ एवढ्या हक्कावर घसा फाडत होता. सगळ्या बारमध्ये निळा टी-शर्ट एकच, माझ्या सहकाऱ्याचा.

पूर्वार्धात तो मला नियम समजावत होता. उत्तरार्धात बोलणं कमी झालं. केंटकीने फ्री थ्रो दवडला की तो फक्त बोटं मोडायचा. सामना ७१-७१ वर ओव्हरटाइममध्ये गेला तेव्हा त्याने खुर्चीवर टाकलेलं जॅकेट उचललं, अंगात घातलं आणि चेन हळूच गळ्यापर्यंत ओढली. आत उकडत होतं, सगळे बाह्या सरसावून बसले होते. शेवटचं मिनिट सुरू व्हायच्या आत त्याने बिल मागवलं, आमचंही भरलं, आणि भोंगा वाजल्यावर शेजारच्या टेबलावर नाचणाऱ्या पोरांशी हात मिळवून आला. परतताना पाथ ट्रेनच्या स्टेशनवर एवढंच म्हणाला, “पुन्हा बघणार नाही.” दुसऱ्या फेरीसाठी म्हणून त्याने शुक्रवारपासून रजा टाकलेली होती. शुक्रवारी सकाळी नऊला तो ऑफिसात हजर. आईचा फोन येऊन गेला होता. तिने सामन्याचं नाव काढलं नाही, मोरीतला नळ गळतोय ते सविस्तर सांगितलं.

मला वाटलं होतं, हरण्याची यांना सवय नाही म्हणून हे असं होत असेल. तसं नाहीये. याच माणसाच्या घरी, दिवाणखान्यात, ज्या संघाचं चित्र लावलंय तो संघ हरलेला आहे.

२८ मार्च १९९२, फिलाडेल्फिया. ड्यूकविरुद्ध ओव्हरटाइम, केंटकी १०३-१०२ ने पुढे, घड्याळात २.१ सेकंद. ग्रँट हिलने जवळजवळ पूर्ण कोर्टभर लांब पास फेकला, पास फेकणाऱ्यासमोर केंटकीने माणूसच उभा केला नव्हता. ख्रिश्चन लेटनरने तो झेलला, एक टप्पा मारला, वळला आणि टाकला. १०४-१०३. त्या सामन्यात लेटनरने घेतलेला एकही फटका चुकला नाही, एकही फ्री थ्रो नाही. मधे त्याने खाली पडलेल्या केंटकीच्या खेळाडूच्या छातीवर पाय ठेवला होता आणि तरी पंचांनी त्याला बाहेर काढलं नव्हतं. केंटकीत तो पाय कोणी विसरलेलं नाही. लेडफर्ड यांनी केंटकीसाठी केलेलं ते शेवटचं समालोचन. सामना संपल्यावर ड्यूकचे प्रशिक्षक माइक शिशेव्स्की त्यांच्या टेबलापाशी गेले आणि केंटकीच्या रेडिओवरून केंटकीच्याच लोकांशी बोलले. डोंगरातल्या घरांमध्ये हे ऐकलं गेलं. शत्रू घरी समाचाराला येऊन गेला, अशा स्वरात ते अजून सांगितलं जातं.

नंतर काही दिवसांतच विद्यापीठाने त्या संघातल्या चार सीनियर मुलांच्या जर्सी रप अरीनाच्या छताला लावल्या. हरलेल्यांच्या! कारण असं की १९८९ मध्ये नियमभंगाबद्दल संघावर बंदी आली, दोन वर्षं राष्ट्रीय स्पर्धा बंद, तेव्हा ज्यांना जाता येत होतं ते गेले आणि हे चौघे राहिले. तिघे तर केंटकीच्याच लहान गावांतले. त्यांतला एक पुढे राज्याचा कृषी आयुक्त झाला आणि पदाच्या गैरवापराबद्दल तुरुंगातही जाऊन आला. जर्सी तिथेच आहे.

२०२२ च्या हरण्याचं असं काही करता येईना. त्यात कोणी राहिलेलं नव्हतं, बहुतेक सगळे आलेले होते. कोणी एका वर्षासाठी आलेला, पुढच्या वर्षी एनबीएत जाणारा. कोणी दुसऱ्या कॉलेजातून बदली घेऊन आलेला, त्याचं कॉलेजातलं हे पाचवं-सहावं वर्ष. प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांची सगळी रीतच ती: देशातली सगळ्यांत गुणी अठरा वर्षांची मुलं आणायची, वर्षभर खेळवायची, सोडायची. ती २०१२ मध्ये फळली. २०१५ मध्ये सलग ३८ सामने जिंकून विस्कॉन्सिनशी उपांत्य फेरीत हरली, तरी लोक सोबत होते. पण इंडियानापोलिसमध्ये, घरापासून तीन तासांच्या अंतरावर, पंधरा नंबरने हरवल्यावर मुलांवर रागवायला ती मुलं ओळखीची तरी हवीत ना! मग राग गेला करारावर. २०१९ साली कॅलिपारींशी झालेला करार १० वर्षांचा आणि ८ कोटी ६० लाख डॉलरचा होता. माझा सहकारी हा आकडा आपल्या गृहकर्जाच्या हप्त्यासारखा पाठ म्हणून दाखवतो. त्यांना काढायचं म्हटलं तर किती कोटी मोजावे लागतील, हा केंटकीत दोन वर्षं चहाच्या टपरीवरचा विषय होता. तिकडे चहा नसतो म्हणा, पण टपरी सगळीकडे असते.

इथवर माझी सहानुभूती. २०१७ साली मात्र नॉर्थ कॅरोलायनाने शेवटच्या क्षणी ७५-७३ असं हरवलं, तेव्हा काही चाहत्यांनी एका पंचाचा नेब्रास्कामधला छपरं घालायचा धंदा शोधून काढला. ज्यांच्या घरावर त्याने कधी कौल ठेवलं नव्हतं अशा शेकडो लोकांनी ‘छप्पर गळतं’ म्हणून शेरे लिहिले, फोन लावून लावून लाइन बंद पाडली, धमक्या दिल्या. याला दुःख म्हणायची माझी तयारी नाही. सहकाऱ्यालाही मी हे विचारलं. तो म्हणाला, “पण फाउल चुकीचाच होता.” त्यावर आमचं दोन दिवस बोलणं नव्हतं.

मार्च २०२४ मध्ये मिशिगनच्या ओकलंड युनिव्हर्सिटीने केंटकीला पुन्हा पहिल्याच फेरीत ८०-७६ ने गारद केलं. जॅक गोल्की नावाच्या मुलाने एकट्याने दहा थ्री-पॉइंटर टाकले. या वेळी बारमध्ये कोणी गेलंच नाही. पंधरा मोसमांनंतर कॅलिपारी स्वतःच आर्कान्सॉला निघून गेले, आणि त्यांच्या जागी मार्क पोप यांचं नाव आलं. पहिली प्रतिक्रिया कपाळाला हात लावण्याची. प्रशिक्षक म्हणून त्यांनी राष्ट्रीय स्पर्धेतला एकही सामना तोवर जिंकला नव्हता. पण ते १९९६ च्या विजेत्या केंटकी संघाचे कप्तान. नेमणुकीनंतरच्या रविवारी ओळख करून द्यायला रप अरीना उघडलं, आणि एकही चेंडू न टाकला जाता ते भरलं. आईने रेडिओ लावला होता.

म्हणजे आपला माणूस हवा होता, इतकंच? सरळ उत्तर ‘हो’ असं आहे, आणि तिथे मी अडते. ज्यांच्या नावाने ते अरीना आहे त्या अडॉल्फ रप यांच्या संघाने १९६६ चा अंतिम सामना ७२-६५ असा गमावला, तो टेक्सस वेस्टर्नकडून. टेक्सस वेस्टर्नने सुरुवातीला उतरवलेले पाचही खेळाडू काळे होते, केंटकीचा सगळा संघ गोरा. ‘आपला’ कोण, हे तेव्हा ठरलेलं होतं. तो पराभव छताला लावण्यासारखा नव्हता आणि विसरण्यासारखाही नाही. आपल्या माणसांचं कौतुक ऐकताना मला तो आठवतो, सहकाऱ्याला आठवत नाही. त्याचा जन्मच पुढचा.

पण मग ऑस्कर चिब्वेचं काय करायचं? हा मुलगा काँगोचा. त्या सेंट पीटर्सच्या रात्री एकट्याने ३० गुण आणि १६ रिबाउंड घेऊन हरला. त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना जाहिरातींतून कमावता येतं, पण हा स्टुडंट व्हिसावर, म्हणजे अमेरिकेत राहून काम करायची पंचाईत. मराठी घरांना हे वेगळं समजावायला नको, एफ-१ वर पिझ्झाच्या दुकानात उभं राहायलाही धीर लागतो. संघ २०२२ च्या उन्हाळ्यात बहामासला दौऱ्यावर गेला, तेव्हा देशाबाहेर असल्याचा फायदा घेऊन त्याने तिथे जाहिरातींची कामं उरकली. आणि त्या हरण्यानंतर निघून जाता येत असताना तो आणखी एक वर्ष लेक्सिंग्टनमध्ये राहिला. डोंगरातली आई त्याला ‘आमचा ऑस्कर’ म्हणते. आडनाव तिला अजून नीट म्हणता येत नाही.

१७ मार्च २०२३ ला, बरोबर वर्षाने, पहिल्या फेरीत प्रॉव्हिडन्सविरुद्ध त्याने २५ रिबाउंड घेतले आणि केंटकी ६१-५३ ने जिंकलं. ‘पुन्हा बघणार नाही’वाला अर्थातच बघत होता, घरी, एकटा. शेवटच्या मिनिटात फोन वाजला. आई ओरडत होती, आणि त्याच्या टीव्हीवर अजून आठ सेकंद बाकी होते.