पोहे, नारळ आणि दहा माणसं: महाराष्ट्रातले ज्यू सण कसे टिकतील?

पोहे म्हटले की नागपूरकरांना तर्री आठवते. कोकणातल्या मराठी ज्यू घरांत मात्र पोह्यांचं नातं थेट प्रार्थनेशी आहे. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ किंवा साखर, वेलची आणि फळं यांचा 'मलिदा' केला जातो. तो समोर ठेवून एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांचं स्मरण होतं. नवस फेडताना आणि लग्नकार्यात मलिदा हवाच.

हे ज्यू कोण?

बेने इस्रायल, म्हणजे 'इस्रायलची मुलं'. परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळच्या नवगाव किनाऱ्यापाशी फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. पुढे त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं नाव दिलं 'शनवार तेली'. रोहेकर, पेणकर, दिवेकर ही आडनावंही गावांवरूनच आली.

सणांना मराठी नावं कशी?

हिब्रू ग्रंथ हाताशी नसतानाही सण टिकले, ते घरातल्या रीतींमुळे. नववर्षाचा रोश हशाना झाला 'नव्याचा सण'. दारं लावून उपास करायचा योम किप्पूर झाला 'दारफाळणीचा सण'. फाल्गुनाच्या सुमारास येणारा पुरिम 'होळीचा सण' ठरला. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या स्मरणार्थ धरलेला उपास 'बिरड्याचा रोजा' म्हणून ओळखला गेला.

मग ग्रंथ कधी आले?

मुंबईत पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये उभं राहिलं. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची 'हगादा' १८४६ मध्ये मराठी भाषांतरासह आली. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकारानं मुंबईत समाजाची शाळा सुरू झाली. म्हणजे धर्माचं शिक्षणही मराठीतूनच रुजलं.

आज अडचण कुठे?

संख्येत. १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली आणि हजारो कुटुंबं तिकडे गेली. तिथे त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली गेली. आंदोलनानंतर १९६४ मध्ये इस्रायल सरकारनं त्यांना सर्वार्थानं ज्यू मानलं. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात उरलेले ज्यू पाच हजारांच्या आत आहेत आणि त्यातले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात.

पारंपरिक नियमानुसार सामूहिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. त्याला 'मिनियान' म्हणतात. गावातली तरुण मुलं मुंबई, ठाणे किंवा इस्रायलला गेली की कोकणातल्या सिनेगॉगमध्ये हे दहाजण जमवणं कठीण होतं. सणाला बाहेरगावचे नातेवाईक आले, तरच इमारत भरते.

सरकारी दर्जानं काय बदललं?

२०१६ मध्ये महाराष्ट्रानं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. शिष्यवृत्ती आणि स्वतःच्या शिक्षणसंस्था यांसाठी तो उपयोगी आहे. पण कोणताही सरकारी निर्णय प्रार्थनेला दहावा माणूस आणून देऊ शकत नाही.

मलिद्याला मात्र दहा माणसांची अट नाही. तो घरी होतो आणि त्याची कृती बहुतेक वेळा आजीच शिकवते. ग्रंथ नव्हते तेव्हा घरानंच सण सांभाळले. सिनेगॉग ओस पडत असताना ती जबाबदारी पुन्हा घरावरच येत आहे.