ग्रहण पाळले, लस राहिली

गरोदर बाईच्या वाट्याला आपल्या समाजात उपदेश भरपूर येतो. ग्रहणात विळीवर बसू नकोस, सुई हाती धरू नकोस, उंबरठ्याबाहेर पडू नकोस. पुढे मूल अधू जन्मले, की यांतील एखादा नियम तिने मोडल्याचे घरातील कोणाला तरी हटकून आठवते. मालवण-वेंगुर्ल्यापासून मुंबईच्या चाळीपर्यंत हा न्याय सारखाच चालतो. चौकशीवाचून शिक्षा होते आणि ती आईला होते. खरी चौकशी झाली तर पिंजऱ्यात शासनाला उभे राहावे लागेल, असे माझे म्हणणे आहे.

रुबेला हा मुलांचा आजार. थोडा ताप, बारीक पुरळ, चार दिवसांत मूल पुन्हा अंगणात. परंतु गर्भारपणाच्या आरंभीच्या आठवड्यांत तो आईला झाला, तर गर्भाला संसर्ग होण्याची शक्यता नव्वद टक्क्यांपर्यंत असते. गर्भपात होतो, किंवा बाळ बहिरे, मोतीबिंदू झालेले, हृदयात दोष असलेले जन्मते. सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली ७८ अर्भकांच्या नोंदी तपासून हा संबंध जगापुढे मांडला. १९६९ साली अमेरिकेत लसीला परवाना मिळाला. म्हणजे कारणही ठाऊक होते आणि उपायही हाती होता.

भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात ही लस आली २०१७ साली. पहिल्या टप्प्यात, त्या वर्षीच्या फेब्रुवारीत, गोव्याचा समावेश होता. महाराष्ट्रात मोहीम सुरू झाली २७ नोव्हेंबर २०१८ रोजी. तेरेखोलच्या पलीकडच्या मुलीला जी लस मिळाली, तिच्यासाठी अलीकडच्या मुलीने पावणेदोन वर्षे वाट पाहिली. आणि विशेष म्हणजे ही लस आपल्याच पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होऊन त्याआधी कित्येक वर्षे परदेशांतील बालकांना टोचली जात होती. उत्पादनाची शक्ती देशात, गरजही देशात. दोहोंची गाठ घालून देणारी राजकीय इच्छा तेवढी नव्हती.

‘ज्याला परवडेल तो खासगी दवाखान्यात लस घेईल’ हा युक्तिवाद अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ओळखीचा आहे. येथे तो केवळ अन्यायाचा नसून घातक आहे. काही घरांतील मुलांनाच लस मिळाली की रोगाचा फैलाव मंदावतो, पण थांबत नाही. पूर्वी जी गरीब मुलगी बालपणी आजारी पडून कायमची सुरक्षित झाली असती, ती आता असुरक्षितच वयात येते आणि रोगाची गाठ तिला गरोदरपणी पडते. ग्रीसमध्ये नेमके हेच घडले. १९७५च्या सुमारास लस आली, परंतु १९८०च्या दशकात ती निम्म्या मुलांपर्यंतही पोहोचली नाही. १९९३च्या साथीनंतर रुबेलाने बाधित अशी २५ अर्भके तेथे नोंदली गेली. बाजाराने एकाचे संरक्षण विकले आणि त्याची किंमत दुसरीच्या गर्भाने मोजली.

‘आजारी मुलापासून दूर राहा’ हा सल्लाही असाच पोकळ आहे. पुरळ उठण्याआधी आठवडाभर मूल रोग पसरवू शकते, आणि अनेकांना पुरळ उठतच नाही. दूर राहायचे ते कोणापासून? चतुर्थीला मुंबईहून चाकरमान्यांची घरे भरून मुले येतात, त्यांच्यापासून? आणि अंगणवाडी सेविकेने कोठे जावे? दिवसभर मुलांत वावरणाऱ्या या भगिनीला शासन पगाराऐवजी मानधन देते आणि वर सावधगिरीचा उपदेशही करते.

२०१८ च्या मोहिमेत नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांखालील मुले आली. त्या वेळी ज्यांची पंधरा वर्षे पूर्ण झाली होती त्या मुली वगळल्या गेल्या, आणि आज त्याच मातृत्वाच्या वयात आहेत. त्यांपैकी बहुतेकींना बालपणीच्या संसर्गाने संरक्षण मिळालेले असेल, उरलेल्यांचे काय? गर्भारपणात ही लस देता येत नाही, घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळावी लागते. म्हणून ती आधीच पोहोचली पाहिजे.

खर्चाची सबब सांगणाऱ्यांनी दुसरी बाजूही मांडावी. बहिऱ्या-अंध मुलाला सांभाळण्यासाठी मासळीची पाटी खाली ठेवून घरी बसलेल्या आईची बुडालेली मजुरी कोणत्या अंदाजपत्रकात दिसते? ती दिसत नाही म्हणूनच लस महाग वाटते.

कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात तीन मागण्या लावून धराव्यात. महाविद्यालयीन तरुणींना, आणि ज्यांना लस मिळालेली नाही अशा मातांना बाळंतपणानंतर दवाखान्यातून घरी सोडण्यापूर्वी, ही लस मोफत मिळावी. अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि शिक्षिका यांना ती नोकरीचा हक्क म्हणून मिळावी. आणि चिरेखाणीवरील मजुरांची, आंबा बागांतील नेपाळी रखवालदारांची मुले दोन्ही मात्रांपासून वंचित राहू नयेत. २०२३ पर्यंत गोवर-रुबेलाचे उच्चाटन करण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट हुकले आहे. ते गरोदर बायांनी विळी हाती धरल्यामुळे हुकलेले नाही. पुढच्या ग्रामसभेत हे स्पष्ट शब्दांत विचारले पाहिजे.