संपादकाविना विकी

‘ज्याला चूक दिसेल त्याने ती सुधारावी’ या एका वाक्यावर विकी नावाची सारी व्यवस्था उभी आहे. वाक्य उदार आहे आणि विश्वकोशाच्या बाबतीत ते पुष्कळ अंशी खरेही ठरले आहे. परंतु मुक्तस्रोत सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या, म्हणजे कूटलेखन करणाऱ्या, पासवर्ड राखणाऱ्या, संकेतस्थळांची तटबंदी तपासणाऱ्या प्रकल्पांच्या माहितीपानांनाही ते जसेच्या तसे लावले गेले, हे माझ्या मते चुकले. आणि या चुकीत तंत्रज्ञांइतकाच आपला, भाषा-साहित्याच्या लोकांचाही वाटा आहे. तो शेवटी सांगतो.

चूक सुधारायची तर ती आधी दिसावी लागते. आमटीत मीठ जास्त पडले तर पहिल्याच घासाला कळते. कच्च्या किल्लीने कुलूपबंद केलेला मजकूर मात्र पक्क्या किल्लीने केलेल्या मजकुराइतकाच अगम्य दिसतो. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियन या प्रणालीच्या एका स्वयंसेवकाने ओपनएसएसएलमधल्या दोन ओळी बाद केल्या, कारण स्मृती तपासणारे एक साधन त्यांच्याबद्दल तक्रार करत होते. त्यांतली एक ओळ किल्ली घडवताना लागणारी अनिश्चितता मिसळण्याचे काम करत होती. ती गेल्यावर एका प्रकारच्या यंत्रावर, एका लांबीच्या किल्लीसाठी शक्यता उरल्या अवघ्या ३२,७६७. एवढ्या किल्ल्या एखाद्याने बसून आधीच करून ठेवाव्यात! मे २००८ मध्ये हे जाहीर झाले. मधले वीस महिने सगळे सुरळीत ‘चालू’ होते.

या प्रसंगाकडे नेहमी प्रोग्रॅमरची चूक म्हणून पाहिले जाते. मला तो गद्याचा पराभव वाटतो. ती ओळ तिथे का आहे, हे जवळपास कुठे लिहिलेले नव्हते. जी टीप होती ती दोन शब्दांची, आणि तीही ‘साधन तक्रार करते’ एवढेच सांगणारी. शिवाय त्या स्वयंसेवकाने विचारले होते. विकासाविषयीच्या चर्चेसाठी म्हणून जाहीर केलेल्या टपालयादीवरच विचारले होते. गाभ्यातल्या मंडळींपर्यंत पोचण्याची ती जागाच नव्हे, असे त्याला नंतर ऐकावे लागले. दारावर पाटी एकाची आणि घर दुसऱ्याचे, असा हा प्रकार. पाटी कोणी लिहायची आणि कोणी बदलायची, हे कोणाचेच काम नव्हते.

आता विकीकडे येऊ. पासवर्ड साठवण्याआधी तो गणिती प्रक्रियेतून किती वेळा फिरवावा, याचा एक आकडा असतो. पीबीकेडीएफ२ या पद्धतीसाठी २००० साली प्रसिद्ध झालेल्या मानकाने किमान १,००० फेऱ्या सुचवल्या होत्या. यंत्रे वेगवान झाली, तसा आकडा चढत गेला. ओवॅस्प या संस्थेच्या मार्गदर्शक टिपणात, याच पद्धतीच्या एका प्रचलित रूपासाठी, तो २०२१ मध्ये ३,१०,००० होता आणि २०२३ मध्ये ६,००,००० झाला. यातला एकही आकडा लिहिला गेला त्या दिवशी खोटा नव्हता. मात्र अशी वाक्ये उचलून सख्ख्या-चुलत प्रकल्पांच्या पानांवर चिकटवली जातात आणि तिथेच राहतात. पानाच्या तळाशी ‘शेवटचा बदल’ म्हणून तारीख असते, ती तर उघड दिशाभूल करते. काल कोणी स्वल्पविराम दुरुस्त केला की दहा वर्षांपूर्वीचा आकडा आज तपासल्यासारखा दिसू लागतो.

‘वाचकाला खटकेल तर वाचक दुरुस्त करील’ हे उत्तर इथे निरुपयोगी आहे. ज्याला खटकू शकते त्याला त्या पानाची गरज नसते, आणि ज्याला गरज असते त्याला खटकत नाही.

प्रकल्पांच्या गोतावळ्यात हे अधिकच बिकट होते. ट्रूक्रिप्ट २८ मे २०१४ रोजी बंद पडले. त्याच्या स्वतःच्याच संकेतस्थळावर ते वापरणे सुरक्षित नसल्याची सूचना झळकली. त्यापूर्वीच, २०१३ मध्ये, त्यातून व्हेराक्रिप्टचा फाटा फुटला होता. फाटा फुटताना आज्ञावलीबरोबर माहितीपुस्तिकाही वारशाने येते, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. व्हेराक्रिप्ट बरीच वर्षे ट्रूक्रिप्टच्या जुन्या पेट्या उघडत असे. २०२३ मधल्या १.२६ या आवृत्तीपासून ती सोय काढली गेली. म्हणजे ‘जुनी पेटी व्हेराक्रिप्टने उघडा’ असे नुसते सांगणारे प्रत्येक पान आज अपुरे आहे. वडिलांच्या जुन्या डिस्कवरची कागदपत्रे शोधणाऱ्या माणसाला ‘१.२५.९ पर्यंतच्या आवृत्तीत उघडेल’ हे एक वाक्य हवे असते. ते लिहायला एक मिनिट लागते. मात्र ते कुठे-कुठे लिहायला हवे, हे ठाऊक असणारा माणूस लागतो.

ओवॅस्पने २०२०च्या सुमारास आपला जुना विकी मागे टाकून मजकूर गिटहबवर नेला. तिथे बाहेरच्याने सुचवलेला बदल कोणीतरी वाचून मान्य करावा लागतो. वेगळ्या नावाने का होईना, संपादक परतला, हे बरे झाले. पण हा संपादक बहुधा एका प्रकल्पाचा राखणदार असतो. आलेला बदल आपल्या घरात बसतो की नाही हे तो पाहतो, शेजारच्या पानाशी विसंगत आहे का हे पाहण्याचे काम त्याच्याकडे नसते. याउलट ओपनबीएसडीवाले माहितीपानातली चूक ही प्रणालीतलीच चूक मानतात, आणि आर्च लिनक्सच्या विकीवर शिळ्या किंवा संशयास्पद परिच्छेदाला तसा ठळक शिक्का मारण्याची रीत आहे. सुरक्षेच्या पानावर तर याहून कडक शिस्त हवी: एका गोष्टीला एकच घर, इतरांनी फक्त तिकडे बोट दाखवायचे, आणि पान कोणत्या आवृत्तीवर, कधी पडताळले याची नोंद. शिवाय संपादकाला पान काढून टाकण्याचा अधिकार हवा. ही मागणी ऐकून मुक्ततेचे कैवारी रागावतात. संपादकांची हुकूमशाही आपण मराठीत काही कमी भोगलेली नाही, हे कबूल. पण छापील संपादकाने काय कापले हे कधी कळत नसे. विकीच्या इतिहासात प्रत्येक कात्री दिसते.

आता आपला वाटा. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे आपण प्रत्येक वर्गात सांगतो. भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत होती, हेही अभिमानाने सांगतो. प्रती जुळवणे, कोणती कोणापासून निघाली हे ठरवणे, संशयित पाठावर खूण करणे, ही विद्या आपली. फरक इतकाच की तिथे जुन्यातला जुना पाठ हाती यावा म्हणून धडपड असते, आणि इथे जुना पाठ टिकून राहिला तर घात होतो. मेहनत तीच आहे. तरीही या गद्याला आपण ‘तांत्रिक’ म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवले, आणि प्रोग्रॅमरांनी लिहिलेल्या वाक्यांना नाके मुरडत बसलो.

एम.ए.च्या प्रकल्पासाठी यंदा पुन्हा एखाद्या कवीची निसर्गप्रतिमा निवडू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने पासवर्ड साठवण्याविषयीची चार प्रकल्पांची चार पाने घ्यावीत, त्यांचा बदलांचा इतिहास उघडावा आणि कोणते वाक्य कुठून कुठे गेले याचा वंशवृक्ष काढावा. मार्गदर्शकांनी ‘यात साहित्य कुठे आहे?’ असे विचारले, तर त्यांचा स्वतःचा पासवर्ड कोणत्या पानाच्या भरवशावर साठवला गेला आहे, ते त्यांना विचारावे.